कोणाकडे चालले?

मूल गावच्या देवाजी गुरनुलेंनी छत्तीस वर्षांच्या संसारात प्रवास पुष्कळ केला होता. पण जिथे आपलं कोणी नाही अशा गावी ते एकदाही मुक्कामाला राहिले नव्हते. चामोर्शीला गेले ते साळ्याकडे. गोंडपिपरीला गेले ते बहिणीकडे. नागपूरला एकदा नुसते डोळे तपासायला गेले, तर मावसभावाने त्यांना स्टँडवरूनच उचलून घरी नेलं, दोन दिवस जेवू घातलं आणि गाडीत बसवून दिलं. डोळे तपासायचे राहूनच गेले.

याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. वाटायला लागलं ते मुलाने, निकेशने, पुण्याहून पाठवलेल्या एका व्हिडिओमुळे. त्यात परदेशातलं एक म्हातारं जोडपं गाडीतच राहत होतं. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, दोघांच्या मध्ये एक कुत्रा. गाडी तळ्याकाठी उभी होती आणि नजर पोचेल तिथपर्यंत त्यांचा एकही नातेवाईक दिसत नव्हता. देवाजींनी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला.

त्यातला कुत्रा त्यांच्या मनाला विशेष लागला. कारण त्यांच्याही घरी एक होता, भुऱ्या. रंगाने मातकट, एक कान उभा, एक पडलेला, आणि स्वभावाने हट्टी. देवाजी आणि इंदुताई दोघंही घराबाहेर गेले की भुऱ्या अन्न सोडायचा. शेजाऱ्यांनी पोळी घातली, दूध घातलं, एकदा तर मटणाचा रस्सा घातला. तो वास घ्यायचा, तोंड फिरवायचा आणि फाटकाकडे पाहत बसायचा. त्यामुळे गेली सहा वर्षं नवरा-बायको एका लग्नाला एकत्र गेले नव्हते. हळदीला इंदुताई जायच्या आणि त्या परतल्या की लग्नाला देवाजी निघायचे. नातेवाइकांत कुजबूज होती की या दोघांचं पटत नाही.

तेव्हा गाडी घ्यायची, तिच्यात पलंग बसवायचा, भुऱ्याला घ्यायचं आणि शनिवार-रविवार कुठेतरी जवळच जाऊन राहायचं, असं देवाजींनी ठरवलं. इंदुताईंनी ऐकून घेतलं. त्या चटकन नाही म्हणत नसत, अट घालत असत.

"एक रात्र," त्या म्हणाल्या. "कोनाच्या घरी नाई, गाडीतच. जमलं तं जमलं. नाई जमलं तं गाडी विकाची अन् पुन्हा फिराचं नाव नाई काढाचं."

देवाजींनी अट मान्य केली. राइस मिलच्या काट्यावर एकतीस वर्षं उभं राहून निवृत्त झालेला तो माणूस होता; एका रात्रीचं वजन त्याला फार वाटलं नाही.

गाडी मिळाली वडशाला. दिवाळी झाली की होळीपर्यंत आपल्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात, आणि त्या कंपन्यांचा पसारा वडशाला. गावात नाटक म्हणजे नुसतं नाटक नसतं. त्या दिवशी घरोघरी पाहुणे येतात, कोंबडं कापलं जातं, ठरायची ती लग्नं ठरतात आणि मोडायची ती मोडतात. अशाच एका कंपनीची जुनी मेटॅडोर विकायला होती. तिच्या टपावर चार भोंगे होते आणि दोन्ही बाजूंना लालभडक अक्षरांत नाटकाची जाहिरात होती. भोंगे काढायला सांगितले, तर मिस्त्री म्हणाला, "काढतो जी, पन टपाले भोकं पडतील. मंग पावसात पलंग बाहेर अन् पाऊस अंदर." भोंगे राहिले. त्यांची चालू-बंद करायची कळ, जाहिरातीची टेप आणि माइक पलंगाच्या फळीखाली गेले. भोंगे मुके झाले असं मिस्त्रीने सांगितलं आणि देवाजींनी मानलं.

आता गल्लीला काम मिळालं. रोज संध्याकाळी गाडीभोवती माणसं जमत आणि सल्ले देत. बापूजी म्हणजे शेजारचे निवृत्त हेडमास्तर. त्यांचा सल्ला पहिला. "रंगाचा एकच हात द्या. दुसरा हात म्हणजे उधळपट्टी." समोरच्या दीपालीने वेगळीच काळजी केली. "भाऊ, जंगलाकडे कुत्रा नेऊन राह्यले म्हणजे बिबट्याले घरपोच डबाच झाला ना जी." यावर कोणी म्हणालं, गाडीभोवती तिखटाची रेघ ओढा. कोणी म्हणालं, रात्रभर रेडिओ लावा. नूतन नावाच्या पोरीने विचारलं, "आजोबा, गाडीत संडास कुठी हाये?" हा प्रश्न देवाजींनी स्वतःला विचारला नव्हता. उत्तर म्हणून एक बादली घेतली, आणि ती बादली कशासाठी आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत असल्यामुळे देवाजी तिच्याकडे न पाहता तिच्याजवळून जाऊ लागले.

मग कागदपत्रं. गाडीत पलंग बसवला तर तशी नोंद लागते. कचेरीतल्या बाबूने अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"कोणत्या कामासाठी?"

"फिराले."

"कुठे?"

"जवळच."

"जवळच्या जवळ जायचं, तर पलंग कशाला?"

बाबू समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे पाहा काका, बसणारा माणूस मला मोजता येतो. झोपणारा कोणत्या रकान्यात घालू?" त्याने आतला नकाशा काढून आणायला सांगितला. देवाजींनी रात्र घालवून पट्टीने नकाशा काढला. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी दाखवली, आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे दाराजवळ भुऱ्याही दाखवला. त्या भुऱ्यामुळे नकाशा दोनदा परत आला. पहिल्यांदा विचारलं, हे काय आहे. दुसऱ्यांदा विचारलं, हा कायमचा बसवलेला आहे की काढता येतो. पाचव्या खेपेला शिक्का पडला.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी गाडी निघाली. क्रीम रंगाचा एकच हात दिलेला होता. बापूजींनी नारळ फोडला. गल्लीतल्या बायांनी इंदुताईंना कुंकू लावलं आणि प्रत्येकीने एकच विचारलं, "कोनाकडे चालले वो?" इंदुताई म्हणाल्या, "कोनाकडेच नाई." बायांनी एकमेकींकडे पाहिलं. असं उत्तर त्या गल्लीत आजवर फक्त भांडून निघालेल्या माणसाने दिलं होतं.

"उद्या संध्याकाळी येतो," देवाजी मोठ्याने म्हणाले, म्हणजे सगळ्यांनी ऐकावं. हे बोलून त्यांनी परतीचा रस्ता स्वतःच बंद करून घेतला, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

राहायचं ठरलं होतं त्या जंगलाच्या फाटकावर दुपारी साडेबाराला पोचले. फाटकावरचा अतुल नावाचा तरुण रक्षक मोठा अदबशीर होता. त्याने कागद पाहिले, शिक्का पाहिला, मग खिडकीतून बाहेर आलेलं भुऱ्याचं तोंड पाहिलं.

"तुम्हाला परवानगी आहे काका. याला नाही."

"पन याच्याचसाठी तं आलो."

"कुत्रा आत चालत नाही."

"बरं, मंग हे कुत्रं इथी फाटकापाशी राहील?"

"इथे बिबट येतो."

"अंदर?"

"अंदर वाघ."

भुऱ्याने एवढं ऐकून तोंड आत घेतलं. देवाजींनी गाडी वळवली. घरी जाणं शक्य नव्हतं. नारळाचं खोबरं अजून गल्लीत वाटलं जात असेल. तेव्हा वाटेवर एक तलाव दिसला होता, त्याच्या काठी थांबू, असं ठरलं. तलावाला लागून हळदटोला हे गाव होतं. त्या गावात त्यांचं कोणीही नव्हतं. इंदुताईंनी माहेर, सासर, आत्या, मावशा सगळ्या मनात तपासल्या आणि खात्री दिली.

उन्हं चढली होती. गाडी हळदटोल्यात शिरली तेव्हा भुऱ्या पलंगाखाली सावलीला गेला, आणि आडवा होताना त्याने पाठ कशाला तरी घासली.

"आज रात्री! आज रात्री! आज रात्री!" टपावरून आवाज फुटला. "बंधू आणि भगिनींनो! आपल्या गावात, भव्य शामियान्यात, ठीक साडेनऊ वाजता, तीन अंकी, कौटुंबिक, काळीज पिळवटून टाकणारं नाटक, धाकट्या जावेचा डाव! माय-माउल्यांनो, रुमाल सोबत आणा!"

देवाजींना वाटलं, मागून नाटकाची गाडी येते आहे. ते सभ्य माणूस. त्यांनी हात बाहेर काढून तिला पुढे जायची खूण केली. ती गेली नाही. त्यांनी गाडी आणखी कडेला घेतली, हळू केली. अख्ख्या गावातून ते बैलाच्या चालीने गेले, हात हलवत. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून लोकही हात हलवत होते, आणि हळदटोल्याचे लोक किती मायाळू आहेत, असं देवाजींच्या मनात आलं.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गाडी थांबली तरी आवाज थांबेना. तेव्हा इंदुताई म्हणाल्या, "अवो, हे आपलंच बोंबलून राह्यलं." पलंगाची फळी उचलून, भुऱ्याला ओढून काढून, कळ सापडेपर्यंत दहा मिनिटं गेली. मग त्यांनी बाहेर येऊन गाडीकडे पाहिलं. उन्हाने क्रीम रंगाचा एकमेव हात तडकला होता आणि खालून लाल अक्षरं वर आली होती. बाकी काही नीट वाचता येत नव्हतं. "आज रात्री" मात्र मैलावरून दिसत होतं.

"आज रात्री लिवलेल्या गाडीत मी झोपू का?" इंदुताई म्हणाल्या.

देवाजींनी त्यावर सतरंजी टांगली. वाऱ्याने ती तलावात गेली.

तेवढ्यात गावचा पोलीसपाटील मंगरू मडावी मोटरसायकलवर आला. गळ्यात मफलर, चेहऱ्यावर जबाबदारी.

"राम राम जी. कंपनी कोनती?"

"कंपनी नाई. आमी फिराले आलो."

"कोनाकडे?"

"कोनाकडेच नाई."

"मंग इथी काऊन आले?"

"तळं पाहाले."

"तळं?" मंगरूने वळून तलावाकडे पाहिलं, सकाळपासून त्याला काही झालं आहे की काय, अशा नजरेने. मग त्याने भोंगे पाहिले, "आज रात्री" पाहिलं, आणि ओळखीचं हसला. "समजलं भाऊ. खालच्या टोलीच्या मंडळानं तुमाले बलावलं, अन् वरच्या टोलीले सांगाचं नाई मनून कबूल करून घेतलं. सांगा ना, त्यांच्या मंडळाच्या कोलूनं बलावलं ना?"

"कोन कोलू?"

"बराबर. असंच सांगाले सांगतलं असन."

देवाजींनी जीव तोडून सांगितलं. गाडी विकत घेतली, कुत्रा अन्न सोडतो, छत्तीस वर्षं, व्हिडिओ, सगळं. मंगरूने शांतपणे ऐकलं. पण दोन धडधाकट माणसं, कोणाकडे नाही, लग्न नाही, मौत नाही, देवाचं नाही, तरी गाडीत भांडीकुंडी घालून परगावी येतात, हे त्याला पटण्याजोगं नव्हतं. त्यापेक्षा नाटक कितीतरी जास्त खरं वाटत होतं. कोणालाही वाटलं असतं.

"बरं जी, नाटक नाई मना तुमी," जाताना तो म्हणाला. "पन गावानं फोन केले ना आता."

फोन! देवाजींना आता त्या ओट्यांवरचे हात आठवले. हातात मोबाइल होते. नाटक आहे, या. एवढंच बोलायचं असतं. पुढचं माणूस येताना समजून घेतं.

तीन वाजल्यापासून पाहुणे येऊ लागले. ऑटोतून, मोटरसायकलवरून, एका ट्रॅक्टरमधून तर अख्खं सासर आलं. शाळेच्या मैदानात दोन मंडपांचे बांबू गाडले गेले, एक वरच्या टोलीचा, म्हणजे वस्तीचा, एक खालच्या. कारण दोन्ही मंडळांना वाटत होतं की दुसऱ्याने आपल्याला न विचारता नाटक आणलं आणि आता मान आपला गेला नाही पाहिजे. पाळीवर बायांची रीघ लागली. त्यांना हिरोईन पाहायची होती. आत इंदुताई कांदा चिरत होत्या, डोळ्यांत पाणी.

"हेच का वो हिरोईन?" एकीने विचारलं.

"नाई वो. आईचं काम करत असन. पाय ना, आतापासूनच रडून राह्यली."

"आई नाई, सासू," सोमारी नावाची म्हातारी ठामपणे म्हणाली. "तोंडावरूनच समजते."

"अन् हे म्हातारबा?"

"हिरो असन. पावडर लावल्यावर दिसतेत बरे."

"नाटकात कुत्रा बी हाये वो!"

या सगळ्यांत भुऱ्याचं कौतुक झालं आणि त्याला तीन घरच्या भाकरी मिळाल्या. त्याने त्या खाल्ल्या. मालक-मालकीण दोघंही समोर होते, त्याची अट पूर्ण होती.

इंदुताई सुरी ठेवून बाहेर आल्या. "मी सासूसारखी दिसतो का जी?"

सून येऊन चार वर्षं झाली होती. पण हे देवाजींनी सुचवलं नाही. छत्तीस वर्षांत माणूस एवढं शिकतो. ते फक्त म्हणाले, "चाल, निंगू इथून." आणि खरंच किल्ली फिरवायला गेले. पण गाडीच्या पुढे बैलगाडी सुटलेली, मागे ट्रॅक्टर उभा, बाजूला तलाव.

तेवढ्यात ट्रॅक्टरमागून एक ओळखीचा आवाज आला.

"इवाई! तुमी?"

केसरबाई. सून करिष्माची आई, म्हणजे देवाजींना इवाई म्हणणारी इंदुताईंची विहीण, चामोर्शीची. इंदुताईंनी आपली माणसं तपासली होती. विहिणीच्या भाचीचं सासर तपासायचं राहून गेलं होतं. भाचीने दोन वाजता फोन केला आणि केसरबाई पाचला हजर. त्यांनी गाडी पाहिली, भोंगे पाहिले, आणि पदर तोंडाला लावला.

"पोरगी देताना तं मिलमध्ये काट्यावर हाये मनून सांगतलं होतं."

"तेच खरं जी!"

"मंग हे नाटक कदीपासून? अन् इहीनबाईले बी घेतलं त्याच्यात?"

देवाजींच्या आयुष्यात अपमानाचे प्रसंग आले होते. एकदा मिलमध्ये त्यांच्या काट्यावर शंका घेतली गेली होती. पण तेव्हा ते काट्यामागे उभे होते. इथे उभं राहायला मागे काहीच नव्हतं. त्यांनी सदरा नीट केला, टोपी सरळ केली, पलंगाखालून माइक काढला आणि गाडीच्या मागच्या पायरीवर उभे राहिले. पाळीखाली निम्मं गाव आणि सगळे पाहुणे.

"बंधू अन् भगिनींनो," ते म्हणाले. भोंग्यांनी ते चौपट केलं. "आज रात्री नाटक नाई."

पाळीखालच्या माना वर झाल्या.

"चूक माझी हाये. मी कोनत्या कंपनीचा नाई. माझं नाव देवाजी गुरनुले, मूल. हे माझी बायको. ते कुत्रं माझं. आमी दोघं सहा वर्षांत कुठी संगं गेलो नाई. मनून एक रात्र, कोनाच्या घरी नाई, अशी राहाले आलो होतो. तुमाले तरास झाला. माफी द्या."

बोलता बोलता त्यांचा आवाज जरा हलला. भोंग्यांनी तेही चौपट केलं. आता दगड येतील की शिव्या, याचा अंदाज घेत ते उभे राहिले.

समोर कोणीतरी मागच्याला विचारलं, "का मनून राह्यले?"

"नाटक नाई मनते."

"अस्सं."

मंगरूने मैदानाकडे पाहिलं, घरांवर चढणारा धूर पाहिला. "नाई तं नाई," तो म्हणाला. "कोंबडे तं कापले ना. पावने तं आले. चाला, जेवाले बसा." आणि पाळीवरची माणसं घरांकडे वळली. देवाजी माइक धरून उभेच होते. इतकी तयारी करून मागितलेली माफी कोणी हातातही घेतली नाही, हे त्यांना शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

केसरबाई मात्र तिथेच होत्या. त्यांच्या डोळ्यांत आता वेगळंच पाणी होतं. "मंजे तुमचं दोघांचं पटते?" त्यांनी इंदुताईंना विचारलं. "आमी तं समजून होतो..." त्यांनी पदराने डोळे पुसले. मग एकदम कडक झाल्या. "पन इवाई माझे, अन् माझ्या भाचीच्या गावात रस्त्यावर झोपतील? लोक माझ्या तोंडात शेन घालतील. चाला."

"नाई जी, आमाले एकच रात्र..." देवाजींनी सुरुवात केली.

"चाला मनलं ना."

त्याच वेळी मंगरू परत आला. त्याच्या घरी जावयाकडचे पाहुणे अपेक्षेपेक्षा दुप्पट आले होते. "भाऊ, तुमच्या गाडीत पलंग हाये मनता. दोन म्हाताऱ्यांची सोय झाली असती जी. नाई मनू नोका."

देवाजींनी इंदुताईंकडे पाहिलं. इंदुताईंनी तलावाकडे पाहिलं. देवाजींनी किल्ली दिली.

दोघांनी ती रात्र केसरबाईंच्या भाचीच्या घरी, ओसरीत, अकरा पाहुण्यांच्या रांगेत काढली. भाचीने त्यांना नवी चादर दिली आणि दोन वेळा जेवू घातलं. भुऱ्या गाडी सोडून आला नाही. त्याला ओढलं, चुचकारलं, भाकरी दाखवली. त्याने भाकरी खाल्ली आणि पुन्हा पलंगाखाली जाऊन बसला. आता तिथली कळ निकामी होती, देवाजींनी तार तोडली होती.

सकाळी गाडी मिळाली, पण दुपारच्या जेवणाशिवाय भाचीने सोडलं नाही. म्हाताऱ्या म्हणाल्या, कुत्रं भारी गुणाचं आहे, हललं नाही. परतीच्या वाटेवर इंदुताई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. देवाजी मनात हिशेब लावत होते की गाडी कोणाला विकावी. अट म्हणजे अट.

संध्याकाळी गल्लीत शिरले तर सगळे फाटकाशी. बापूजी पुढे. त्यांनी गाडीवरचं "आज रात्री" वाचलं, रंगाच्या एका हाताबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि विचारलं, "मग? गाडीतली रात्र कशी गेली?"

देवाजींनी तोंड उघडलं. पण इंदुताई आधी बोलल्या.

"गजब झोप लागते गुरुजी गाडीत. कोनाचा आवाज नाई, काई नाई."

देवाजींनी बायकोकडे पाहिलं. ती डबे उतरवण्यात गुंतली होती. "रंगाचा दुसरा हात मारा लागन," ती पाठमोरीच म्हणाली. "पुढच्या वेळेच्या आधी."

तेवढ्यात भुऱ्या खाली उतरला. त्याने पुढचे पाय लांब केले, मागचे पाय लांब केले, आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी जांभई दिली; म्हणजे निदान त्याच्यापुरतं तरी इंदुताई खोटं बोलल्या नव्हत्या.